जेद्दाहच्या रोशनात

डब्लिनहून निघाले तेव्हा बाहेर नेहमीची भुरभुर होती आणि माझ्या डोक्यात चाचींचा प्रश्न. कंपनीनं जेद्दाहच्या कारखान्यात एक यंत्र बसवायला मला पाठवलं होतं. ही बातमी डब्लिनच्या सँट्री भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या तौसिफच्या आईला, म्हणजे चाचींना, कळली आणि त्या थेट आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चाची दापोलीकडच्या, लेकाकडे राहायला आलेल्या. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर बोटीनं हजला गेल्या होत्या. जेद्दाहला उतरताच आई तापानं फणफणली. ज्या घरात ते उतरले होते, तिथल्या मालकिणीनं या चिमुरडीला लाकडी जाळीच्या खिडकीत बसवलं आणि रस्ता बघायला खुणावलं. ती रस्ता बघण्यात रमली, आणि मागच्या खोलीत आईचा जीव गेला.

"मना येकच बगून ये, पोरी," चाची म्हणाल्या. "तसल्या खिडकीत बसल्यावर मागच्या खोलीतली हाक आयकू येते काय? आयनं मना हाक मारलीन असंल, आन मी आपली रस्ता बगत बसलेली."

निघायच्या दिवशी तौसिफनं माझी बॅग गाडीपर्यंत आणून दिली. "काहीही असो, ऐकू येत नाही म्हणूनच सांग हं," तो म्हणाला. "मग ती ग्रँड, एकदम ठीक होईल बघ."

मी मुळात पायाला भिंगरी असलेली बाई, पण या वेळी भिंगरी मनाला लागली होती. कारखान्यात यंत्राचे आवाज ऐकतानाही हाकेचाच विचार. काम संपलं, रात्रीचं विमान होतं, तेव्हा दुपारीच जुन्या शहरात, अल-बलदमध्ये, शिरले.

घरं बघून मान दुखायला लागली. मनगबी (समुद्रातला प्रवाळाचा दगड) रचून उभारलेल्या उंच भिंती, त्यांत मधूनमधून लाकडाच्या आडव्या तुळया, कारण हा दगड मऊ आणि एकटा भार सोसत नाही. काही घरं शेजाऱ्याकडे कललेली, काहींभोवती डागडुजीच्या परांच्या. आणि प्रत्येक मजल्यावर रोशन (भिंतीबाहेर आलेली जाळीची लाकडी खिडकी). त्यातलं बरंचसं सागवान म्हणे आपल्याकडूनच जहाजांनी आलेलं. हजच्या दिवसांत घरमालक खालच्या खोल्या हाजींना देऊन स्वतः वरच्या मजल्यावर राहायला जात.

चाचींचं तेच घर सापडणं शक्य नव्हतं, पण त्या बांधणीचं कुठलंही चाललं असतं. तर एकही उघडं मिळेना. तीनदा फिरून त्याच कडुनिंबाखाली आले. जेद्दाहमध्ये कडुनिंब! क्षणभर आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग भूक लागली म्हणून मुतब्बक (खिमा-अंडं भरून भाजलेली घडीची पोळी) घेतली आणि चालता चालता तोंड पोळून घेतलं.

अखेर एका घरात कॉफीची पाटी दिसली. मालक म्हातारे होते आणि चक्क उर्दू बोलत होते. "हाजी लोगों से सीखा," ते हसून म्हणाले. मी त्यांना चाचींची गोष्ट सांगितली. त्यांचं हसू मावळलं. मला पहिल्या मजल्यावरच्या रोशनात बसवून ते मागच्या खोलीकडे वळले, आणि दारात थांबले.

"आहिस्ता बुलाऊँ? बीमार की तरह?"

मी मान डोलावली. जाळीतून समुद्राचा वारा येत होता. खाली हातगाड्या, विक्रेते, चेंडूमागे धावणारी पोरं. गलका भरपूर होता आणि मला बरं वाटलं. नको ऐकू येऊ दे, असं मी मनात घोकत होते.

"बेटी..."

आवाज बारीक होता, पण स्पष्ट. मी पुन्हा बोलवायला सांगितलं, मुद्दाम पोरांच्या खेळात लक्ष घातलं. पुन्हा ऐकू आलं. मला इतका राग आला त्या घराचा! सज्जन गृहस्थांनी कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

विमानात डोळ्याला डोळा लागला नाही. खोटं बोलावं तर म्हातारीची फसवणूक, खरं बोलावं तर तिच्या जिवाला घोर.

सँट्रीला पोचले तर चाची दारातच. "आयकू येते?" मागून तौसिफ जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता. मी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच, पण त्यांच्या डोळ्यांत बघून जमेना.

"येते, चाची. स्वच्छ येते."

तौसिफनं कपाळाला हात लावला. चाची हळूच खुर्चीवर बसल्या. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मना तं कायच आयकू आलं नवतं. म्हंजे तिनं हाक मारलीनच नाय," त्या म्हणाल्या. "झोपंतच गेली माजी आय. तरास नाय झाला तिला." आणि त्या रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या.

मी इतकी गावं पालथी घातली, घरी फोटो आणि खजूर आणले. कुणासाठी असं उत्तर आणण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेही मी जवळजवळ वाटेत टाकून देणार होते.

चहा झाल्यावर चाचींनी डोळे पुसले. "उंट होते काय गो तितं?"

"आता कुठले उंट, चाची."

"तवा होते," त्या म्हणाल्या. तौसिफ त्यांच्याकडे बघतच राहिला. हे त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं. "येकाच्या गळ्यात निळे मणी होते. काय सुंदर दिसत होता!"