तोंडात खिळे धरणारा बाप

मला लिहिता येतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण आमच्या चर्चमधल्या सोफेवाल्याबद्दल कुणीतरी चार ओळी लिहाव्यात, असं फार दिवस वाटत होतं. कुणी लिहीना, म्हणून मीच बसलो. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

सोफेवाला म्हणजे जुने सोफे-खुर्च्या उसवून पुन्हा भरून देणारा. हात कसबी, पण तोंड एकदा सुटलं की थांबायचं नाव नाही. त्याची सहा वर्षांची चिंगी घरात अखंड बडबडायची, परक्यासमोर मात्र तोंडाला कुलूप. चर्चमध्ये कुणी विचारलं, "काय गं, किती वर्षांची झालीस?" की ती बापाच्या पाठीमागे दडणार आणि बाप म्हणणार, "सहा! परवाच पुढचा दात पडला!" तो दात कुठे ठेवलाय, हेही सांगून मोकळा व्हायचा.

बापलेक शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मोठ्या बाईंनी तिला नाव विचारलं. बापाने सांगितलं. आवडता रंग विचारला. तोही बापानेच सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पहिलीत तुम्ही बसणार आहात की ही? महिन्याभराने परत या. तोवर जागा ठेवते. पण मला हिचा आवाज ऐकायचाय."

जेवणाआधीच्या प्रार्थनेत सोफेवाला रोज म्हणू लागला, "प्रभू, माझ्या लेकराची जीभ मोकळी कर." एकदा आमेन झाल्यावर त्याची बायको, ती दवाखान्यात नर्स आहे, वाढता वाढता म्हणाली, "अहो, आणि तुमची जरा आवरायला सांगा की त्याला."

"मी काय केलं आता?"

"प्रभूने लेकरांना जवळ बोलावलं, तेव्हा कुणी त्यांच्यासाठी वकील नव्हता आणला. तुम्ही तिला तोंड उघडायला सवड तरी देता का?"

हे सगळं त्यानेच मला सांगितलं, मी न विचारता. माझ्या खुर्चीची बैठक खचली होती, ती घेऊन मी दुकानात गेलो होतो. चिंगी कोपऱ्यात काथ्याच्या ढिगावर बसली होती.

या कामात बारीक खिळे ओठांत धरतात. एका हाताने कापड ताणून ठेवायचं, दुसऱ्या हातात हातोडी. तिच्या टोकाला लोहचुंबक असतं. ते ओठांशी नेलं की खिळा चिकटून येतो. सोफेवाल्याच्या तोंडात असे आठ-दहा खिळे असताना मी चिंगीला सहज विचारलं, "खुर्ची कधी होईल गं?" खरं तर विचारायचं होतं त्याला, पण कुणाचं चालू काम थांबवायला मला जड जातं.

सोफेवाला "अं, अं" करत राहिला. त्याला ना कापड सोडता येईना, ना खिळे थुंकता येईनात. चिंगीने वाट पाहिली, आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "गुरुवारी."

त्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दाराची कडी वाजली की हा पठ्ठ्या चार खिळे ओठांत धरायचा, काम असो वा नसो. सरावाला मी होतोच. माझी खुर्ची गुरुवारी झाली, तरी मी आपला रोज जात राहिलो. म्हातारा झालो तरी मीही बोलण्यात कच्चा, त्यामुळे आमचं बरं जमलं.

एके दिवशी शेजारच्या डॉक्टरीणबाई आल्या. "काय चिंगूताई, आमचा सोफा झाला का?"

चिंगीने बापाकडे पाहिलं. बापाच्या ओठांत खिळे. "नाही," ती म्हणाली. "बाबा म्हणत होते, मी साफ विसरलो, आता बाईंना काय थाप मारू?"

सोफेवाला कानापर्यंत लाल झाला. पण घरात खोटं बोलायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने खिळे तळहातावर काढले, म्हणाला, "खरंय, बाई. माफ करा. शनिवारी नक्की," आणि खिळे परत ओठांत धरले. डॉक्टरीणबाई हसून हसून खाली टेकल्या, तेही नेमक्या स्प्रिंगा उघड्या पडलेल्या खुर्चीवर.

महिना भरला. शाळेत जायच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोन खिळे खिशात टाकले. मोठ्या बाईंच्या दाराशी ते तोंडात गेले. पुढचं मला चिंगीने स्वतः सांगितलं.

बाईंनी नाव विचारलं, तिने सांगितलं. रंग विचारला. "हिरवा. बाबांनी मागे पिवळा सांगितला, तो त्यांचा आवडता."

"आज बाबा गप्प कसे?"

"त्यांच्या तोंडात खिळे आहेत."

बाई ताडकन उठल्या. "अरे देवा! आधी काढा ते!"

"काढू नका," चिंगी म्हणाली. "काढले की ते बोलतात."

प्रवेश झाला.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मी नेहमीसारखा मागच्या दाराने सटकत होतो. चिंगीने माझा हात धरून मला चहाच्या टेबलापाशी ओढत नेलं. पाळकांनी विचारलं, "काय आजोबा, बरे आहात ना?"

"आजोबा बरे आहेत," चिंगी म्हणाली. "त्यांना चहात साखर कमी लागते, आणि—"

सोफेवाल्याने खिशातून एक खिळा काढून तिच्यासमोर धरला. चिंगीने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मलाच बोलावं लागलं.