चहाबरोबरची गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या आक्कांना ओळखत नाही.

मखमलाबादकडे आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती. उजाडायच्या आत तोडणी, मग फुलबाजार. आणि तोडणीआधी चहा — एकदाच, मोठ्या पातेल्यात, सगळ्यांना. दुसऱ्यांदा चहा टाकायचा म्हटलं की माझं डोकं फिरायचं. स्वभावच तसा — एकदा उरकलं की उरकलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. साखर आणि हृदय, दोन्हींच्या जुन्या दुखणेकरी. दोन हजार सालच्या सुमाराला त्या फारच मंदावल्या. भर वैशाखात स्वेटर, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. "लय थंडी वाजते गं," म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. रक्त तपासलं तेव्हा कळलं — थायरॉईड मंद पडलंय. आधीच आजारी असलेल्या म्हाताऱ्या माणसांत ते लवकर लक्षातच येत नाही म्हणे.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मला बजावलं — उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा तासाभरानं, कॅल्शियमची गोळी दुपारी, नाहीतर ही थायरॉईडची अंगी लागत नाही.

तासाभरानं? म्हणजे ऐन तोडणीत आत्याबाईंसाठी वेगळा चहा? मी सगळ्या गोळ्या एकदमच त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि चहाचा कप पुढे करायचे. पोटात गेली म्हणजे झालं ना?

फरक पडेना. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "उपाशीपोटीच देता ना?" मी दर खेपेला म्हणायचे, "हो." तेव्हाच खरं बोलले असते तर — पण बोलणी कोण खाणार? हृदयाला जपत, बिचकत बिचकत त्यांनी डोस वाढवत नेला — गोळी एकच, पण दर खेपेला जास्त ताकदीची.

मग द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर आक्का, माझ्या थोरल्या नणंद, आईला निफाडला आपल्या द्राक्षबागेवर घेऊन गेल्या. मी गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत घालून दिली. आक्का चिठ्ठीबरहुकूम चालणाऱ्या. उठल्यावर पाण्याबरोबर गोळी, मग आईशी तासभर गप्पा, मगच चहा. आत्याबाई तरतरीत झाल्या. फोनवर आवाज मोकळा. मला — खरं सांगू? — रागच आला. पुढे त्यांच्या छातीत धडधडायला लागलं, हात थरथरायला लागले, झोप उडाली. हृदय आधीच थकलेलं. दवाखान्यात नेलं, पण त्या वाचल्या नाहीत. तिथले डॉक्टर म्हणाले, थायरॉईडची गोळी जास्त झाली.

मला तिथेच उमगलं. माझ्या चहात वाया जात होती म्हणून वाढवलेली गोळी आक्कांच्या हातून पहिल्यांदा पुरती लागू पडली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हे आक्कांवर ओरडले, "एक गोळी नीट देता आली नाय तुला? दोन-दोन दिल्या का?"

आक्का माझ्याकडे वळल्या. "मंगल, तू सांग गं. एकच द्यायची होती ना? मी एकच दिली."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी तर एकच देत होते."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. तरी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तेच.

बहीण-भाऊ बरीच वर्षं बोलत नव्हते. आता बोलतात. पण आक्का स्वतःच्या हातानं कुणाला औषध देत नाहीत. गेल्या भाऊबीजेला आमच्याकडे आल्या होत्या. माझ्या नातवाला ताप भरला, तर औषधाची बाटली त्यांनी माझ्या सुनेपुढे सरकवली. "तूच दे बाई," म्हणाल्या. "माझ्या हाताला गुण नाय. माझी आई गेली माझ्या हातानं."

मी तिथेच होते. चहा गाळत होते. गाळत राहिले.