एक जोड चांगली वायर

कवळ्या बनवायचं काम करायचे म्हणून सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. बायकोही रागावली की तेच म्हणायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्यांचे दात. संध्याकाळी घरी आले की हात धुऊन ते पुढच्या खोलीत आपल्या गाण्याच्या संचासमोर बसत. हा संच त्यांनी एकेक पेटी करत जमवला होता. रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर, रेडिओ, मग आवाज कमी-जास्त करायची पेटी, तिच्यापुढे आवाजाला ताकद देणारी जड पेटी आणि दोन स्पीकर. पेट्या एकमेकींना जोडणाऱ्या वायरी मात्र खोक्यातून फुकट आलेल्या, साध्याच.

वाढदिवसाला मुलीने एक जोड चांगली वायर आणून दिली. जाड, मऊ आवरणाची, टोकं घट्ट बसणारी. पण जोड एकच आणि जागा चार. तिथून कवळीवाल्यांच्या डोक्याला भुंगा लागला.

दुकानदाराने फोनवर सांगितलं, "शेवटच्या दोन पेट्यांमध्ये लावा. काहीही वाजवा, सगळं तिथूनच जातं."

पटण्यासारखं होतं. त्यांनी लावली. पण सभागृहांत माईक-स्पीकर लावणारा मेहुणा चहाला आला आणि वाकून बघत म्हणाला, "भावजी, तिथे आवाज चांगला धष्टपुष्ट झालेला असतो. त्याला काय धाड भरलीय? नाजूक असतो तो रेकॉर्डच्या सुईतून निघालेला. त्याला जपा."

"मग फायदा फक्त रेकॉर्डला. तुझी ताई तर रोज रेडिओ ऐकते."

ताई तिथेच मुलाच्या शर्टाला बटण लावत बसली होती. "मला बातम्या कळतात, तेवढं पुरे," ती म्हणाली.

तरी त्यांचं समाधान होईना. मेहुणा गेल्यावर त्यांनी बायकोला संचामागे बसवलं आणि स्वतः डोळे मिटून खुर्चीत बसले. तिने वायर बदलायची, यांनी ओळखायचं.

"आता बघ, किती मोकळा आवाज आला," ते खात्रीने म्हणाले.

"मी अजून हातही लावलेला नाही," मागून उत्तर आलं. "इथे अंधारात काही दिसतंय का मला?"

वायर राहिली शेवटच्या दोन पेट्यांमध्येच.

रविवारी थोरले भाऊ आले. दादा दर रविवारी येत. दोघा भावांत भांडण नव्हतं, पण बोलायलाही फारसं काही उरलं नव्हतं. रेकॉर्ड लावली की वेळ जाई. दादांच्या कानात ऐकायचं यंत्र असे. सुरुवातीला ते आवाज वाढवायला सांगत आणि थोड्या वेळाने यंत्र काढून खिशात टाकत, मग नुसतेच बसून राहत. त्यांना आता गाण्यात गोडी उरली नाही, असं कवळीवाले धरून चालले होते. त्या दिवशीही यंत्र खिशात गेलं. त्यांनी पहिल्यांदाच जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "दादा, का काढलंस?"

"तुझ्या पेटीत माशी घोंघावते. आवाज वाढवला की तीही वाढते. मग गाणं कुठलं आणि माशी कुठली, काही कळत नाही."

"मग इतके दिवस बोलला नाहीस?"

"तुझ्या हौसेला कशाला नाव ठेवू?"

कवळीवाल्यांनी संच ठेवलेलं कपाट पुढे ओढलं. रेकॉर्ड प्लेअरची जुनी वायर विजेच्या वायरीला वेटोळे घालून पडली होती. ती काढून तिथे त्यांनी नवी लावली आणि विजेच्या वायरीपासून लांब सरकवली. रेकॉर्ड पुन्हा सुरू केली. माशीची घोंघों गेली होती. हा गुण नव्या वायरीचा की लांब सरकवण्याचा, हे तपासून बघायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

दादांनी यंत्र कानात घातलं. एक बाजू संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. दुसरी बाजू सुरू झाल्यावर म्हणाले, "जरा कमी कर. बोलायचंय."

कवळीवाल्यांनी आवाज कमी केला.

"डॉक्टर म्हणतात, दुसरा कानही चाललाय. वर्ष जाईल, दोन जातील. आहे तोवर ऐकून घ्यावं म्हणतो. मध्ये एखाद्या दिवशी आलो तर चालेल?"

"विचारतोस काय? बुधवारी ये. मी कामावरून लवकर निघतो."

दादा बुधवारीही येऊ लागले. येताना कधी गळक्या नळाची तक्रार आणत, कधी सुनेचं कौतुक. पुष्कळदा रेकॉर्ड संपून सुई उचललेली असे, तरी दोघे बोलतच बसलेले असत.