गाडीचं आवतन

विलायतेत चार वर्षं मोटार चालवून मी एका कोंबडीलाही धक्का लावला नव्हता, आणि वऱ्हाडात या गोष्टीची कुणाला काडीची किंमत नव्हती.

मी तिकडे कापडगिरणीचं काम शिकायला गेलो होतो. परत येऊन अमरावतीत नोकरी धरली आणि पहिली अक्कल काय पाजळली, तर एक जुनी हिरवी मोटार घेतली. (जुनी म्हणजे किती जुनी, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी सभ्य माणूस, विचारलं नाही!) आमच्या घराला अंगण नव्हतं, म्हणून गाडी वलगावला रामकाकाच्या गोठ्यात ठेवली, त्याच्या दोन बैलांच्या शेजारी. घोडं अडलं ते विम्यावर. पूर्ण हप्ता मला झेपत नव्हता. सूट मिळाली नाही तर गाडी विकायची, हे ठरलेलंच होतं. इकडे माझ्या बायकोनं, कमलनं, धामणगावला आपल्या आईला कळवूनही टाकलं होतं, "दिवाळीला आमच्या गाडीनं येतो!"

मग काय, गेलो अकोल्याला. जठारपेठेत विम्याचे वानखडे साहेब बसत. त्यांच्या टेबलावर मी ऐटीत विलायतेतल्या विमा कंपनीचं पत्र ठेवलं: चार वर्षांत एकही दावा नाही.

साहेबांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "तिथं रस्त्यात बैल बसते काय?"

"नाही."

"बैलबंडीवाला झोपला अन् बंडी आपली आपली येऊन राह्यली, असं होते काय?"

"नाही, पण..."

"मंग हे पत्र इथं काय कामाचं, बाप्पा?"

मी हटून बसलो. शेवटी साहेब कंटाळले. "सोमवारी मले सुट्टी हाये. वलगावले येतो. गाडी चालवून दाखवा. जमलं त सूट देतो."

"सोमवार पक्का!" मी म्हणालो. सुट्टी कशाची, हे विचारायचं मला सुचलं नाही. सोमवारी पोळा होता! (साहेबांना ते बरोबर ठाऊक होतं. पुरणपोळी कोण चुकवतो?)

सोमवारी मी सूट चढवला, टाय बांधला आणि साहेबांना घेऊन काकाच्या गोठ्यात शिरलो. बैल नटूनथटून उभे होते. शेजारी माझी गाडी! मडगार्डांना हळद-तूप चोपडलेलं, दारांवर गेरूचे पंजे, टपावर झूल, पुढे घुंगरमाळ.

"काका, हे काय?"

"पोळा हाये ना! दोघाले सजवा अन् तिसरीले तसंच ठेवा? काल तिघायचे खांदे मळले. आवतन देल्लं."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि हात जोडून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गाडी त्याच गोठ्यातली, म्हणून काकानं तिलाही पंगतीत धरलं होतं.

साहेब हसत हसत शेजारी बसले. काका "मी बी येतो" म्हणून मागे बसला. आणि मी काय गाडी चालवली म्हणता! शेळी चुकवली, खड्डा चुकवला, सायकलवाल्याला वाट दिली. साहेब मान डोलावू लागले. सूट खिशात पडल्यातच जमा होती!

मैलभर गेलो आणि बॉनेटमधून वाफ निघाली. पाठोपाठ जायफळाचा वास.

"पुरण शिजून राह्यलं काय कुठं?" साहेबांनी नाक वर केलं.

गाडी थांबवली, जरा निवू दिली आणि पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं. आत पुरणपोळ्या! एखादी नव्हे, तोंडापर्यंत चेपलेल्या!

"काका!!"

"काहून ओरडून राह्यला? तू तिले घेऊन चालला होता, म्हणून तिले आधी चारलं. आवतन देऊन उपाशी ठेवू काय?"

"पण इथून?"

"मंग कुठून? तूच त दाखवलं होतं, 'काका, हिले पाणी इथून पाजायचं.' जिथून पाणी पेते, तिथूनच खाईन ना!"

मी खरंच 'पाजायचं' म्हणालो होतो.

"बैल आणा, ओढून नेऊ," मी कसंबसं म्हणालो.

काकाचे डोळे मोठे झाले. "आज? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर दोर? चार वर्षांत सारं इसरला काय बे?"

साहेबांचं पोट मोठं, म्हणून ते स्टिअरिंगवर बसले. काका मागून ढकलायला गेला. आणि दोर? दोर माझ्या खांद्यावर! सूट, टाय आणि दोर अशा थाटात मी गावात शिरलो, तर तोरणाखाली अख्ख्या वलगावचे बैल ओळीनं उभे. वर्षातून एकदा सुट्टी मिळालेले ते बैल रवंथ करत माझ्याकडे पाहत राहिले.

"अरे, रामभाऊचा तिसरा बैल आला रे!" कुणीतरी ओरडलं. गाव पोट धरून हसलं. मी घामानं निथळत "सरका, सरका!" करत गाडी गोठ्यात नेली.

जेवताना साहेबांनी तुपाची वाटी बाजूला सारून कागद काढला. "एवढ्या गर्दीतून गाडी आणली, अन् एका बैलाले धक्का नाही. सूट मंजूर!"

मला इतका आनंद झाला की मी हावरटासारखा म्हणालो, "साहेब, टाकीच्या दुरुस्तीचाही दावा करू का?"

"करा ना. पण अपघाताचं कारण काय लिहिता?"

मी साहेबांच्या ताटातल्या पोळीकडे पाहिलं आणि मंजुरीचा कागद घडी करून खिशात घातला.

दिवाळीला आम्ही गाडीनं धामणगावला गेलो. कमल खिडकीत अशी बसली होती की स्टेशनासमोरून जाताना हमालांनीही वळून पाहिलं. सासूबाईंना मी सांगितलं, विलायतेच्या पत्रामुळे विमा स्वस्तात पडला.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काका हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आला. दोन्ही बैलांचे खांदे मळले. गाडीकडे मात्र त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"सदरा काढ."