ओठ पाहून ऐकणारा शेजारी

समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायची, तोंड उजेडाकडे वळवायचं आणि म्हणायचं, "हा, आता बोल." माझ्या शेजाऱ्यांचं कुठलंही बोलणं असं सुरू होई. समोर बाई असली तर ते स्वतःच फिरून अशा बाजूला उभे राहत, की उजेड तिच्या तोंडावर पडावा.

ते भिवंडीच्या एका लूम कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मागांच्या खडखडाटात माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, हे तिथल्या गल्लीतून जाताना तुम्हीही पाहिलं असेल. शिफ्ट संपली की बाकीच्यांना बाहेरचं जग ऐकू येई. यांना ते हळूहळू येईनासं झालं होतं.

चाळीत त्यांच्यासमोर कुजबुजण्यात अर्थ नव्हता. नळावरच्या बाया त्यांच्याविषयी बोलताना पदर तोंडावर धरत. मी मिशी वाढवली तेव्हा त्यांनी तक्रार केली, "पत्रकार, मिशी काप. अर्धी बातमी तिच्यात अडकते." कारखान्यातल्या उत्तरेकडच्या कारागिरांना ते सांगत, "पहले पान थूक. हिंदी दिसत न्हाय." पोरं हसत आणि चाचांसाठी पान थुंकून येत.

मोबाईल त्यांच्याकडे आला तो जावयाने दिला म्हणून. एकुलती मुलगी लग्नानंतर वापीला राहत होती. बायको वारलेली, खोलीत हे एकटे. फोन येण्याआधी मुलगी दर दोन-तीन महिन्यांनी येऊन बापाला भेटून जात असे. फोन आल्यावर तिचं येणं थांबलं. "आता फोन आहे ना," जावई म्हणे, "रोज बोला."

फोन खिशात थरथरला की ते माझ्या दारात येत आणि हात लांब करून तो माझ्याकडे देत. मी ऐकायचं आणि तेच शब्द त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायचे. त्यांचं बोलणं तिला थेट जाई, तिचं त्यांना माझ्या तोंडून. त्या वर्षांत मोबाईलने अंतर कमी केल्याच्या बातम्या आम्ही छापत होतो. शेजारच्या खोलीपासून वापी लांब गेली होती.

सुरुवातीला मुलगी इतकं बोले की मी मागे पडे. "काका, विचारा त्यांना, बिडी किती झाली आज?" मी विचारी. ते खोटा आकडा सांगत. ती पलीकडे हसे, आणि "हसते आहे" असं मी सांगितलं की हेही हसत.

पुढे ती हळू बोलू लागली. वाक्यं लहान झाली. तिच्यामागे एका पुरुषाचा आवाज असे. गणपतीला ती आली नाही. एका संध्याकाळी फोनवर तिने एवढंच सांगितलं, "काका, बाबांना म्हणावं मी बरी आहे. काळजी करू नका." आणि फोन बंद झाला.

मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

"बिडीचं इचारलं न्हाय?"

"नाही."

"कशी म्हनली?"

"मी बरी आहे, म्हणाली."

"ते कललं. कशी म्हनली?"

बातमीत 'म्हणाली' एवढं पुरतं. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड दिव्याकडे वळवलं आणि म्हणाले, "ती बोलली तसं बोल." मी आवाज उतरवून, सावकाश म्हटलं, "मी बरी आहे." ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग हात खाली घेतला. "हे तुझं तोंड हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठकडे रजा मागितली. शेठ म्हणाला, "चाचा, फोन पे बात कर लो ना." हे म्हणाले, "बात तो होती है शेठ. लडकी दिखती नहीं." हे त्यांनीच मला कुलपाची किल्ली देताना सांगितलं. खारबाववरून वसईला जाणाऱ्या गाडीने ते वापीला निघाले. पिशवीत दोन कपडे होते आणि मुलीला आवडते म्हणून सुकी मच्छी.

आठवडाभर काही कळलं नाही. मी फोन लावला, तो वाजत राहिला. मग एका सकाळी त्यांच्या नंबरवरून मला फोन आला. मी उचलल्याचं त्यांना पडद्यावर धावू लागलेल्या सेकंदांवरून समजलं असावं.

"पत्रकार, मीच हाय. मालकाला सांग, खोली दे दुसऱ्याला. कारखान्यातबी कलव. मी आता हितंच रातो. येगली खोली घेतली. पोर माझ्यासंगट हाय."

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"खोली बरी हाय. पत्र्याची हाय, पन बरी हाय."

मी पुन्हा विचारलं, या वेळी ओरडून. पलीकडून, स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्याच्या मोठ्या आवाजात, तिथे नळाला पाणी किती वाजता येतं ते ऐकू येत राहिलं.