श्वास सोडून घेतलेलं माप

रजियाखाला झंपर शिवायला आलेल्या बाईच्या कमरेला टेप लावायची आणि थांबायची. बाई हमखास पोट आत ओढायची. "सोड श्वास," खाला म्हणायची. "टेपाला काय लाजतीस? हा काय तुझा सासरा हाय?" बाई हसायची, पोट सुटायचं आणि खाला तेवढ्यात माप घ्यायची.

बारावीच्या क्लाससाठी मी आणि आई लातुरात खालाच्या घरावरच्या खोलीत राहायचो. गल्लीत अशा खोल्याच खोल्या, आणि प्रत्येकीत लेकरासाठी गाव सोडून आलेली एक आई. शेतात दिवसभर राबणारी माझी आई इथं गॅसपुढं बसून असायची, मी ताटात टाकलेला भात संपवायची. वर्षात खालानं तिचं झंपर दोनदा उसवून सैल केलं. "शहराचं पाणी मानवलं," म्हणत गावाकडच्या बाया कौतुकच करायच्या.

तिसऱ्या वेळी आईनं स्वतः न जाता माझ्याजवळ झंपर दिलं. खालानं ते उलटंपालटं केलं. "परवा बांगड्या भरताना बघितलं मी. दंड वाळायलेत आन् पोट वाढायलंय. तहान लई लागती का तिला?"

लागत होती. पायाची जखमही महिनाभर भरत नव्हती. "न्हाई," मी म्हणाले. आईनं बजावलं होतं, "तुझ्या बाला कळलं तर बिऱ्हाड हलवंल. तुझी बारावी होऊ दे."

खाला तशीच जिना चढली. "सुमन, उद्या उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात चल. शुगर बघू. एका सकाळचा रोजा समज."

"पोरीचं वर्ष घालवतीस का, आपा?"

खालानं झंपर तसंच आईच्या पुढ्यात ठेवलं. "भूकंपात गेलेल्या आमच्या गावच्या बाया मी माझ्या शिलाईवरनं ओळखल्या. तुला तसं ओळखायचं न्हाई मला. तपासल्याबिगर एक टाकाही उसवणार न्हाई, जा."

दोन दिवस आई खालचा हूक उघडा ठेवून, वर पदर घेऊन वावरली. खालाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याची घागर घेऊन चढताना तिला चक्कर आली आणि ती जिन्यातच बसली. मी धावत जाऊन खालाला सगळं सांगितलं. माझ्या खोटेपणाचं काही न काढता ती आईला दवाखान्यात घेऊन गेली.

शुगर फार वाढलेली निघाली. वडील आले ते सामान बांधायच्या तयारीनंच. खाला दारात उभी राहिली. "घेऊन जावा की, भाऊ. तिथं ती परत तुमच्या जनावरामागं लागंल, गोळी चुकंल. इथं मी हाय." वडील बराच वेळ पायरीवर बसले. मग उठून एकटेच एसटीनं गेले.

त्या दिवसापासून खाला आणि आई रोज पहाटे मला क्लासच्या फाटकापर्यंत चालत सोडायच्या. आईच्या ताटातला भात वाटीभरच झाला. दर महिन्याला टेप लागायचा.

आमच्या घरात पहिली पदवी मी घेतली, हे मी कुणालाही ठणकावून सांगते. पण समारंभाला खाला नव्हती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती गेली. आईचं झंपर दुसऱ्या दुकानात टाकलं. तिथली पोरगी म्हणाली, "काकू, पोट जरा आत घ्या, फिटिंग छान बसंल."

आईनं लांब श्वास सोडला.

"असंच घे," ती म्हणाली.