धवलारणीची डिजिटल डायरी

सोनाबाय दुकानात आली की आधी भांडते आणि मग बसते. "मुश्ताकभाव, तुझा सेल पावसाळाभर पन टिकला नाय," असं म्हणत ती कमरेची पिशवी सोडते. तिच्यातून पानसुपारी, चुन्याची डबी, केसाची एक पिन आणि सगळ्यात शेवटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डिजिटल डायरी काढून माझ्यासमोर ठेवते. मी पनवेलच्या मोहल्ल्यात घड्याळं दुरुस्त करतो. आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं म्हणा! लोक पट्टा बदलायला येतात आणि जाताना मोबाइलचं कव्हर ठेवता का विचारून माझं डोकं फिरवतात. डिजिटल डायरीचं गिऱ्हाईक मात्र अख्ख्या तालुक्यात एकच उरलंय, आणि ते सोनाबाय.

ही डायरी मीच तिला विकली. त्या काळी माझा मेहुणा आखातातल्या दोह्याहून सुट्टीवर येताना असल्या डायऱ्या पिशवीभर आणायचा. तळहातात मावणारी वस्तू, उघडली की वर राखाडी पडदा आणि खाली मुगाच्या दाण्याएवढी बटणं. फोन नंबर, तारखा, गजर, कॅल्क्युलेटर, सगळं तिच्यात. मोठ्या कंपनीची घ्यायची तर खिसा रिकामा व्हायचा. ही चिनी बनावटीची, बऱ्यापैकी मनगटी घड्याळापेक्षाही स्वस्त. आसपासच्या गावांतले लोक, ज्यांच्या जमिनी जाऊन हातात प्लॉट आले होते, ते ती शर्टाच्या खिशात दिसेल अशी ठेवायचे. त्यातल्या अर्ध्यांना नाव कसं घालायचं तेही माहीत नव्हतं. एक प्लॉटदलाल तर माझ्यादेखत ती उघडून, कानाला लावून "हॅलो" म्हणाला होता. मग खरे मोबाइल आले आणि डायऱ्या पोरांच्या खेळण्यांत गेल्या. त्यातल्या काही मी भंगारवाल्याकडून परत घेतल्या. त्यांच्या पोटातले पडदे आणि बटणं काढून सोनाबायची डायरी मी आजवर चालवत आलोय. माझी बायको हलीमा म्हणते, एवढी मेहनत स्वतःच्या गुडघ्यांवर केली असतीस तर खुर्चीवर बसून नमाज पढायची वेळ आली नसती.

सोनाबाय बेलपाड्याची. ती धवलारीण आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीच्या दिवशी मांडवात उंबराची फांदी रोवतात आणि धवलारीण तिथे बसून धवले गाते. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. आधी ती देवांना बोलावते, अगदी गावदेवीपासून एकवीरेपर्यंत. मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला बोलावते. तिनं नाव घेतलं की घरातली कर्ती बाई "आला गो" किंवा "आली गो" म्हणते आणि उंबराखाली पिवळ्या तांदळांची चिमूट ठेवते. आजा येतो, आजी येते, तान्हेपणी गेलेलं पोर येतं, माहेरीच राहून म्हातारी झालेली आत्या येते. मी मुसलमान माणूस, पण कोळीवाडा माझ्या दुकानाच्या पाठीला पाठ लावून आहे. लहानपणापासून हे ऐकत आलोय आणि प्रत्येक वेळी मला मांडवात गर्दी वाढल्यासारखं वाटतं.

आता एवढ्या घरांतली एवढी माणसं ध्यानात कुणाच्या राहणार? एकदा एका हळदीत एका म्हाताऱ्याचं नाव राहिलं आणि त्याचा मुलगा भरल्या पंगतीतून उठून गेला. सोनाबायच्या ते फार जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. शाळा सातवीपर्यंत झालेली, इंग्रजी अक्षरं ओळखीची, तेवढ्या भांडवलावर तिनं सगळं शिकून घेतलं. बोटं जाड आणि बटणं बारीक, म्हणून केसाची पिन. फोनच्या यादीत तिनं जिवंत माणसं भरली, नंबरांसकट. नोंदी लिहायच्या भागात गेलेली माणसं भरली, घराघरानं, नंबराशिवाय. डायरीतलं कॅलेंडर केव्हाच संपलं. आता ती कुठलंतरी जुनंच साल दाखवते. मी ते सांगितलं तर म्हणाली, "पितरांना साल काय करायचंय?"

नातवानं तिला स्मार्टफोन घेऊन दिला होता. तो तिनं महिन्याभरात परत केला. "नावं वाचाया घेतली का मधीच एक बया फोन करते, लोन पायजे का म्हनून. मी कुनाच्या आज्याला बोलवतेय आन् ही लोन इचारतेय." डायरीत ती भानगड नाही. डायरी कुणाला बोलावत नाही आणि तिला कुणी बोलावत नाही. फक्त तिला दोन सेल लागतात, एक चालायला आणि दुसरा लक्षात ठेवायला. दोन्ही एकदम काढले तर आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून मी एक काढतो, तिथे नवा बसवतो आणि मगच दुसऱ्याला चिमटा लावतो. तेवढा वेळ सोनाबाय एक शब्द बोलत नाही. बाकीच्या वेळी तिला गप्प करून दाखवणाऱ्याला मी माझ्या पदरचा चहा पाजीन.

तिचा एक नियम आहे. कुणी गेलं की ती आपणहून नाव घालत नाही. "घरच्या बाईनं सांगितल्याबिगर मी कुनाला आत घेत नाय," ती म्हणते. पुरुष सांगतील, भाऊबंद सांगतील, ती ऐकून घेते आणि पिन काही बाहेर काढत नाही. मांडवात "आला गो" जिला म्हणायचं असतं, तिच्या तोंडून आधी यायला हवं.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर ती माझ्याकडे सेल घालायला बसली होती, तेव्हा कमलाकर आला. आमच्या मागच्या कोळीवाड्यातला, खाडीत जाळं टाकणारा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पूर्वी तिचं नाव, त्याची धाकटी. थोरला प्रितेश उरणकडच्या एका बोटीवर कामाला होता. काही वर्षांपूर्वी वादळात ती बोट उलटली, बाकीचे खलाशी हाती लागले आणि प्रितेश लागला नाही. ना तो सापडला, ना त्याचं काही सापडलं. त्याची आई शकू बाजारात मासळी विकते. ती अजून त्याच्या मोबाइलचं रिचार्ज मारते, नंबर बंद पडू नये म्हणून. फोन त्याच्याबरोबरच समुद्रात गेला, हे तिला काय माहीत नाही? पण दुकानदार काही बोलत नाही आणि आम्हीही बोलत नाही.

कमलाकर बसलासुद्धा नाही. "बाय, प्रितेशचं नाव आता घाल तिच्यात," तो सोनाबायला म्हणाला.

"शकू बोलली?"

"ती कवा बोलनार? मी बाप हाय ना त्याचा?"

"बाप हायस, नाय कुठं म्हनते मी. पन मांडवात तुला नाय उत्तर द्यायचं, तिला द्यायचंय."

कमलाकरनं काचेच्या कपाटावर दोन्ही हात टेकले. "मंग तो बसंल कुठं, सांग. बहिनीची हळद हाय. जिवंतांच्या पंगतीत तो नाय, पितरांत तू घेत नायस. आख्खं लगीन तो काय दारात उभा ऱ्हाईल?"

असं बोलून तो धाय मोकलून रडला. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. सोनाबायनं डायरी उघडली, पिनेनं बटणं दाबत प्रितेशचं नाव काढलं आणि पडदा उजेडाकडे तिरका करून मला दाखवला. नाव फोनच्या यादीत होतं. एके काळी तोच तिला मोटारसायकलवरून लग्नघरी नेऊन सोडायचा, म्हणून नंबर घेतलेला. तिनं ते तसंच ठेवून डायरी मिटली. तिचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकू रिकामी पाटी घेऊन माझ्या दुकानात आली. सोनाबाय नव्हती, हे बघूनच आली असावी.

"मुश्ताकभाव, तिच्या मशिनीत माझा पोर कुठं हाय?"

"फोनच्या यादीत, शकूबाय. जिवंतांत."

"तिथंच ऱ्हाऊ दे. तिथून तो हलला ना, तर तुझ्या दुकानाची एक काच शिल्लक ठेवायची नाय मी."

ती गेल्यावर मी कामाला बसलो, पण हात चालेना. आमच्यात माणूस गेला तर कबर असते. जाऊन उभं राहता येतं, फातिहा पढता येतो, बाजूचं गवत काढता येतं. माझा बाप कुठे आहे हे मला ठाऊक आहे. शकूला ते कुणी सांगितलेलं नाही. आपल्या तोंडानं "आला" म्हटलं, की पोरगा परत यायचा राहिला. तिनं ते का म्हणावं? आणि कमलाकरचं तरी चुकीचं कुठे होतं? दोघांचं मला पटत होतं आणि त्यामुळे जास्तच चिडचिड होत होती. त्या दिवशी मी एका बिचाऱ्या गिऱ्हाइकाला उगाच झापलं.

हळदीच्या दिवशी सोनाबायनं मला सोबत नेलं. डायरीच्या पडद्यावरच्या रेघा उडू लागल्या होत्या, आणि मांडवात उकाड्यानं ती मान टाकते. मी चिमटा, भिंग आणि सेल खिशात टाकून गेलो. कोळीवाड्यात बँजो वाजत होता, पोरं नाचत होती, मटणाचा वास सुटला होता. आम्ही कोपऱ्यात बसून कमलाकरच्या घरची नावं वाचली. दोन नावं दिसेनात. मी पडद्याची कड चिमट्यानं दाबून धरली, तेव्हा उमटली. प्रितेशचं नाव त्यांत नव्हतं. कमलाकर लांबून आमच्याकडेच बघत होता.

"माझा पन होताच ना रं तो," सोनाबाय हळू आवाजात म्हणाली. "पन मी नाय घेनार."

बँजो थांबवला. पूर्वी पाटावर बसली, पिवळ्या साडीत, खाली मान घालून. हळद लागेपर्यंत नवरीनं बोलायचं नसतं. शकू उंबराजवळ बसली, मांडीवर तांदळाचं ताट. सोनाबायनं आवाज लावला. देव आले. मग घरची माणसं येऊ लागली. एकेक नाव, एकेक "आला गो", एकेक चिमूट. शकूचा आवाज स्वच्छ होता. कमलाकरच्या आजोबाला बोलावलं, तो आला. चुलता आला. शेवटी कमलाकरची आई आली. डायरीत पुढे काही नव्हतं, सोनाबायनं ती मिटली.

यानंतर धवलारीण मांडव बांधून घेते. यायचे ते आले, आता कुणी यायचं नाही, असं गाऊन हाक संपवते, आणि मग हळद लावतात. सोनाबायनं त्यासाठी श्वास घेतला. गाणं काही येईना. तिनं पुन्हा श्वास घेतला. कमलाकरनं मांडवाच्या खांबाकडे तोंड फिरवलं.

"थांब गो जरा," शकू म्हणाली.

तिच्या चिमटीत तांदूळ होते. ते तिनं कधी उचलले, आम्ही कुणी बघितलं नव्हतं. तिनं समोरच्या बायांकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. मांडवाच्या दाराकडे बघत तिनं हाक मारली. जेवायला बोलवावं तशी, सूर न लावता.

"प्रितेश!"

हाक तर मारली गेली, पण उत्तर द्यायचा मान तिचा होता आणि तिचं तोंड त्या हाकेतच संपलं होतं. सोनाबायला उत्तर देता येत नव्हतं, ती घरची नव्हे. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शकूचा तांदळाचा हात तसाच हवेत राहिला. तेव्हा पाटावरून पूर्वीनं मान वर केली.

"आला गो, आये," ती म्हणाली.

मी रडलो, आणि त्याची मला काही लाज नाही. आख्खा मांडव रडत होता. शकूनं चिमूट उंबराखाली ठेवली, पण हात मागे घेतला नाही. त्या एवढ्याशा तांदळांवर तिनं तळवा पालथा घातला आणि रागावून, अगदी खऱ्याखुऱ्या रागानं, त्याला बोलली.

"बहिनीला हळद लागायची येळ झाली आन् आता येतोस? किती उशीर केलास रं!"